कोरडी पाठवणी

फ्लोरिआन गेल्याला चार दिवस झाले होते आणि झेनोनला अजून काहीच वाटलं नव्हतं. रडू नाही, राग नाही, पिण्याची तल्लफसुद्धा नाही. तल्लफ नाही याचं तरी बरं वाटावं, तर तेही नाही. सकाळी उठायचं, ग्लासभर काळा चहा करायचा, खिडकीशी उभं राहून समोरच्या घराच्या पत्र्याकडे बघायचं आणि कामावर जायचं. तो घरांमधून फरशा बसवायचा. या चार दिवसांत त्यानं एक सबंध न्हाणीघर पुरं केलं होतं, आणि एकही फरशी तिरकी गेली नव्हती.

शुक्रवारी अंत्यविधी होता. फेब्रुवारीतला शुक्रवार, नऊ वाजताच मेलबर्न तापलं होतं. झेनोननं तरीही काळा लोकरी कोट चढवला, कारण त्याच्याकडे दुसरा नव्हता. मुलगी मालविना त्याला न्यायला गाडी घेऊन आली. झेनोनचं लायसन्स पंधरा वर्षांपूर्वी गेलं होतं आणि ते कसं गेलं हे शहराच्या पश्चिमेकडच्या तमाम पोलिश मंडळींना तोंडपाठ होतं. ईस्टरच्या आदल्या दिवशी बायका अंड्यांच्या टोपल्या घेऊन चर्चच्या कुंपणापाशी पाद्र्याच्या आशीर्वादाची वाट बघत उभ्या होत्या, आणि यानं गाडी थेट कुंपणावर घातली. माणसं वाचली, अंडी फुटली. माणसं वाचल्याचं लोक केव्हाच विसरले, फुटलेली अंडी मात्र अजून कुणी विसरलं नव्हतं. तेव्हापासून त्याचं नाव 'कुंपणवाला झेनोन'.

त्यानंतर चार वर्षांनी त्यानं दारू सोडली, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. मालविनानं मात्र त्यातली पहिली नऊ वर्षं त्याचा फोन उचलला नाही. दोन वर्षांपूर्वी ती आपण होऊन आली, पाच वर्षांच्या कालिनाला घेऊन, आणि दारातच तिनं सांगितलं, की रविवारी जेवायला येत जाईन, नातीला आणत जाईन, पण एकदा जरी घेतलीस तरी संपलं. पुन्हा माफी नाही, पुन्हा पत्र नाही, काही नाही. झेनोननं मान हलवली. ही मुलगी आईवर गेली होती. जे बोलेल ते करेल, आणि केल्यावर त्याबद्दल बोलणारही नाही. गेली दोन वर्षं झेनोनचा आठवडा रविवारपासून रविवारपर्यंत असायचा.

"कोण होता हा फ्लोरिआन?" गाडीत तिनं विचारलं.

"ओळखीचा होता," झेनोन म्हणाला.

तिनं पुढे विचारलं नाही. ओळखीचा म्हणजे कोण, हे झेनोनला सांगता येण्यासारखं नव्हतं. दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता पोलिश भवनाच्या मागच्या खोलीत 'किनारा' नावाचा गट भरायचा. दारू सोडलेली आणि सोडू बघणारी दहा-बारा माणसं, एक केटली, बिस्किटांचा डबा. भिंतीला लागूनच भवनाचा बार. पलीकडे ग्लासाला ग्लास लागला की अलीकडे ऐकू यायचं. भवनाच्या कमिटीनं खोली फुकट दिली होती, आणि ती फुकट परवडत होती ती बारच्या जिवावर, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यावर हसणंही आता जुनं झालं होतं. गटाचा पहिला नियम म्हणजे आत कोण येतं हे बाहेर बोलायचं नाही. मुलीशी नाही, बायकोशी नाही, मेल्यावरही नाही. दुसरी एक रीत होती, नियमात न लिहिलेली. पोलिश माणूस शेजाऱ्याला वीस वर्षं अहो-जाहो करतो, पण त्या खोलीचा उंबरा ओलांडला की सगळे अरे-तुरे. डॉक्टर असो की गवंडी, अरे-तुरे. भवनाच्या आवारात पुन्हा भेटले की परत अहो.

फ्लोरिआन त्या खोलीतला सगळ्यात जुना माणूस. अठरा वर्षं थेंब नाही. झेनोन पहिल्यांदा तिथे आला तेव्हा त्याचे हात इतके थरथरत होते की चहाचा ग्लास धरवेना. फ्लोरिआननं ग्लास अर्धा केला आणि पुन्हा हातात दिला. तेव्हापासून तो झेनोनचा स्पॉन्सर. म्हणजे रात्री-बेरात्री फोन उचलणारा, खोटं बोलला की ओळखणारा, शिव्या घालणारा आणि दर वर्षी दारू सोडल्याच्या तारखेला हातात पदक ठेवणारा माणूस. झेनोनच्या बापानं जेवढं लक्ष घातलं नसेल तेवढं त्यानं घातलं.

तर या फ्लोरिआननं अकरा वर्षांत झेनोनला एकच काम सांगितलं, तेही मरायच्या आठवडाभर आधी, हॉस्पिटलात.

"लुद्विक येतोय," तो म्हणाला. लुद्विक म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, पोलंडच्या दक्षिणेला डोंगरात, त्यांच्या गावातच राहिलेला. "मी त्याच्या येण्यापर्यंत टिकतो असं वाटत नाही. आमच्याकडे पुरुष गेला की पेटीत त्याच्याबरोबर एक चपटी ठेवतात. बापाच्या ठेवली, आज्याच्या ठेवली. माझ्या ठेवू देऊ नकोस."

"मग लुद्विकला सांग ना तसं."

"काय सांगू? अठरा वर्षं मी त्याला लिव्हर सांगितलंय. डॉक्टरनं बंद केली म्हणून." फ्लोरिआन हसला आणि त्याला खोकला आला. "मला कोरडा पाठव, झेनोन. एवढं कर."

त्याच्या गावात पिण्याची लाज नव्हती. पिता न येणं ही लाज होती. लिव्हर खराब झालं तर माणूस बिचारा ठरायचा. पण मी दारुडा आहे, मंगळवारी खोलीत बसून तसं म्हणतो, हे भावाला सांगायचं म्हणजे मेलेल्या आईलाही खाली मान घालायला लावणं, असं फ्लोरिआनला वाटायचं. हा माणूस नवख्यांना छाती ठोकून सांगायचा की खरं बोला, आणि स्वतः मात्र पंधरा हजार किलोमीटरवरच्या एका भावापुढे घाबरायचा. झेनोननं त्याला हे तोंडावर सांगितलं असतं, पण समोरच्याच्या नाकात नळी होती. तो म्हणाला, बरं, बघतो. दळण आणायला सांगितलं असतं तरी तो असंच म्हणाला असता.

फ्लोरिआन सोमवारी गेला. लुद्विक मंगळवारी दुपारी उतरला.

अंत्यविधीच्या जागी मोठी थंड खोली होती, पुढे पेटी, उघडी. फ्लोरिआनला निळा सूट घातला होता, हातात जपमाळ गुंडाळली होती आणि कंबरेपासून खाली पांढरी लेस पांघरली होती. बायकांनी जप सुरू केला. 'किनारा'तले चौघे आले होते आणि चौघे चार रांगांत बसले होते, जणू एकमेकांना कधी पाहिलंच नाही. ओतिलिया, गटातली सगळ्यात थोरली बाई, झेनोनच्या पुढच्या रांगेत होती. आत येताना ती त्याला म्हणाली होती, "कसे आहात?" मंगळवारी ती त्याला 'अरे गाढवा' म्हणायची.

झेनोननं पेटीकडे पाहिलं. चेहऱ्याला काहीतरी रंग लावला होता. आपल्या आत काही हलतंय का, हे त्यानं थोडा वेळ बघितलं. काही हललं नाही.

जप संपला आणि लुद्विक उठला. बुटका, रुंद, उन्हानं रापलेला म्हातारा. तो पेटीशी गेला, भावाच्या कपाळाला त्यानं हात लावला, मग कोटातून एक चपटी काढली. पाव लिटरची, साधी काचेची, बुचाला मेण लावलेलं. आतलं पाण्यासारखं नितळ. ती त्यानं लेसखाली फ्लोरिआनच्या मांडीला टेकवून ठेवली आणि वरून लेस सारखी केली. मागच्या रांगेतली काही म्हातारी माणसं समजुतीनं मान हलवत होती. त्यांच्याही गावात असंच करत.

ओतिलियानं मागे वळून झेनोनकडे पाहिलं. फक्त पाहिलं, आणि पुन्हा पुढे बघायला लागली.

मग वीस मिनिटं मोकळी होती. त्यानंतर झाकण लागणार, मग चर्च, मग दफनभूमी. लोक पाणी प्यायला, सिगरेट ओढायला व्हरांड्यात गेले. झेनोननं फ्लोरिआनच्या बायकोला, गेनोवेफाला, खांबापाशी गाठलं. तिच्या स्वयंपाकघरात त्यानं शेकडो वेळा सूप प्यायलं होतं. ती त्याला अरे म्हणायची, स्वतःच्या धाकट्या दिराला म्हणायची तसंच.

"त्यानं मला सांगितलं होतं," झेनोन हळू आवाजात म्हणाला.

"मला ठाऊक आहे."

"मग?"

"राहू दे, झेनोन." तिनं त्याच्याकडे न बघता रुमालाची घडी केली. "लुद्विकच्या स्वतःच्या झाडाच्या आलुबुखारांची आहे ती. भावाबरोबर एक घोट घ्यायचा म्हणून मोज्यांत गुंडाळून आणली. एक दिवस उशीर झाला. काल रात्री टेबलावर ती समोर ठेवून बसला होता. मी काय सांगू त्याला? की तुझा भाऊ अठरा वर्षं तुझ्याशी खोटं बोलला? तो गेला. हा जिवंत आहे. राहू दे."

बाई चुकीचं बोलत नव्हती. झेनोनलाही ते पटलं. तरी फ्लोरिआन बाटलीला मांडी लावून झोपलाय, आणि आता कायमचा तसाच झोपणार, हे त्याच्या डोक्यातून जाईना. दुःखानं नव्हे, एखादी फरशी तिरकी बसलेली दिसावी आणि पाय तिथून निघू नये, तसं. लुद्विकचा मान राहिला पाहिजे आणि फ्लोरिआन कोरडा गेला पाहिजे. दोन्ही व्हायला हवं असेल तर उपाय एकच होता, आणि तो झेनोनला चांगलाच येत होता. बाटली तीच ठेवायची, आतलं बदलायचं.

हा उपाय पिणाऱ्या प्रत्येकाला येतो. झेनोननं लग्नाच्या बावीस वर्षांत हा प्रयोग इतक्या वेळा केला होता की त्याच्या कपाटातल्या व्होडकानं मासे जगले असते. बायकोच्या नामदिनाला, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या सणाला, पाहुण्यांसमोर तिनं मोठ्या तोऱ्यात बाटली उघडली होती आणि बारा जणांना नळाचं पाणी वाढलं होतं. ती त्या दिवशी काही बोलली नाही. आता ती या जगात नव्हती, आणि त्याबद्दल दोघांचं बोलणं राहूनच गेलं होतं.

तो आत गेला. खोलीत कोणी नव्हतं. लेसखाली हात घातला, फ्लोरिआनच्या मांडीचा लाकडी कडकपणा बोटांना लागला, चपटी उचलून त्यानं कोटाच्या आतल्या खिशात टाकली आणि मागच्या स्वच्छतागृहात जाऊन दाराला कडी घातली. मेण नखानं काढलं. बूच घट्ट बसलं होतं. जोर लावल्यावर ते एकदम सुटलं आणि घोटभर दारू उजव्या बाहीवर सांडली. वास उसळला. आलुबुखार, आणि त्याच्या आतून तो दुसरा वास. अकरा वर्षांत तो इतक्या जवळून आला नव्हता.

झेनोन थांबला. भीती वाटायला हवी होती. फ्लोरिआन नेहमी सांगायचा, की तल्लफ आली तर घाबरू नकोस, काहीच वाटत नाही तेव्हा घाबर. आत्ता काहीच वाटत नव्हतं. बाटली त्याच्या हातात होती, दार बंद होतं, आणि प्यायला काय किंवा ओतायला काय, हाताला सारखाच वेळ लागला असता. त्यानं आरशात पाहिलं. कोटातला एक घामेजलेला म्हातारा. मग त्यानं चपटी संडासाच्या भांड्यावर उलटी धरली आणि ती रिकामी होईपर्यंत भांड्याकडे बघत उभा राहिला. नळाखाली धरून भरली, बूच ठोकलं, पुसली. बाही धुतली. तिचा वास तरीही गेला नाही.

बाहेर आला तेव्हा खोलीत माणसं होती.

लुद्विक पेटीत भावाशेजारी आईचा फोटो ठेवायला लवकर आत आला होता आणि लेसखाली हात घातला तर चपटी नव्हती. पेटीपाशी तिथे कामाला असलेली मुलगी उभी होती, टोंगा बेटांकडची, विशीतली, हातात झाकणाचे स्क्रू. लुद्विकला इंग्रजी येत नव्हतं आणि तिला पोलिश. तो तिच्या खिशाकडे बोट दाखवून मोठमोठ्यानं विचारत होता, ती हात पसरून मी काही घेतलं नाही म्हणत होती, आणि व्हरांड्यातले लोक आवाज ऐकून आत येत होते. मालविनाही आली. दारातच थांबली.

आता चपटी गुपचूप परत ठेवता येणार नव्हती. ती खिशातच राहू दिली असती तर मुलीवर आळ आला असता. झेनोननं फार विचार केला असंही नाही. तो पुढे गेला आणि खिशातून चपटी काढून त्यानं लुद्विकपुढे धरली.

"तिनं नाही घेतली. मी घेतली."

लुद्विकनं ती हातात घेतली, उलटसुलट केली. मेण नव्हतं. त्यानं बूच काढून वास घेतला, मग जिभेला लावून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग यायच्या आधी काही वेळ नुसता गोंधळ होता. मागून कोणीतरी म्हणालं, अरे, हा कुंपणवाला झेनोन. मग सगळ्यांना एकदमच कळलं, जे कळायचं ते.

"पाणी आहे हे," लुद्विक म्हणाला. "पाणी भरलंस. प्यायलास आणि पाणी भरलंस."

त्यानं बूच परत लावलं.

"मेलेल्या माणसाच्या मांडीवरून उचलून? अरे, मागितली असतीस तर मी दिली असती. बसून दोघांनी घेतली असती त्याच्या नावानं." म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "माझ्या भावानं चाखली नाही ती, आणि तू संडासात जाऊन प्यायलास?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, मग ओतलीस का. आणि त्या प्रश्नाला एकच उत्तर होतं, ते पेटीत झोपलं होतं. झेनोननं गेनोवेफाकडे पाहिलं. ती दोन पावलांवर उभी होती. तिला सगळं कळलं होतं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. एका वाक्यानं ती त्याला सोडवू शकली असती. तिचे ओठ हललेही. मग तिनं लुद्विककडे बघितलं, त्याच्या हातातल्या त्या चपटीकडे बघितलं.

"झेनोन, तुम्ही आता घरी जा," ती म्हणाली.

तुम्ही म्हणाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

त्यानं मान झुकवली आणि तो चालायला लागला. लोकांनी वाट दिली, जरा जास्तच रुंद. दारात मालविना होती. उजव्या बाहीचा वास तिच्यापर्यंत पोचला असणार, कारण तो जवळून गेला तेव्हा तिचं डोकं किंचित मागे झालं.  तो थांबला नाही.

गाड्या लावायच्या जागेत डांबर मऊ झालं होतं. झेनोन मालविनाच्या गाडीपाशी उभा राहिला, कारण दुसरीकडे कुठे जायचं ते सुचेना. पायी घरी जायला दोन तास लागले असते. गाडीच्या मागच्या काचेतून कालिनाची लहान मुलांची सीट दिसत होती, तिच्यावर बिस्किटाचा चुरा. येत्या रविवारी बटाट्याची कोशिंबीर करायचं ठरलं होतं. वाटाणे त्यानं कालच आणून ठेवले होते. आता त्या वाटाण्यांचं काय करायचं, असा विचार त्याच्या डोक्यात आला. तेवढाच आला.

थोड्या वेळानं ओतिलिया बाहेर आली. तिची गाडी पलीकडे होती. त्याच्या बाजूनं जाताना ती किल्ली शोधत असल्यासारखी थांबली.

"झाकण लागलं," ती पर्समध्ये बघत म्हणाली. "कोणीतरी गाडीतून दुसरी बाटली आणत होतं. लुद्विक नको म्हणाला. घरची नाही तर कुठलीच नको म्हणाला." तिला किल्ली सापडली. "कोरडा गेला रे तो."

आणि ती गेली. झेनोनला वाटलं, आता तरी आत काही होईल. काम झालं होतं. काही झालं नाही. उन्हात बाही वाळत आली होती आणि वास उलट वाढत होता.

पेटी मागच्या दारानं काळ्या गाडीत चढवली गेली. लोक आपापल्या गाड्यांकडे निघाले, झेनोनला वळसा घालून. सगळ्यात शेवटी मालविना आली. पायरीवरून उतरताना तिनं गॉगल लावला होता. ती सरळ त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"बाहीला वास येतोय," ती म्हणाली.

"हो."

"तू काहीच का बोलला नाहीस तिथे?"

 त्यानं खांदे उडवायचा प्रयत्न केला, तोही नीट जमला नाही.  मालविनानं गॉगल काढला.

"खाली वाक."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. मालविना सहा-सात वर्षांची असताना तिची आई तिला दारात पाठवायची, जा, बाबांना पापी दे. मुलगी धावत यायची, गळ्यात हात टाकायची, पापी द्यायची आणि आत जाऊन आईला सांगायची, वास आहे किंवा नाही. हे झेनोनला पहिल्या आठवड्यातच समजलं होतं. म्हणून तो दाराबाहेर बडीशेप चघळायचा, कॉफीचे दाणे चावायचा, आणि मुलगी गळ्यात पडली की श्वास रोखून धरायचा. ती लहान होती, पण तिला ते कळायचं. बाबा श्वास रोखतो म्हणजे आहे.

तो वाकला. मालविनानं नाक त्याच्या तोंडाशी आणलं. चाळिशीला आलेली बाई, चार लोकांच्या देखत, भर दुपारी. पलीकडे कोणीतरी गाडीचं दार उघडून तसंच धरून उभं होतं.

"सोड," ती म्हणाली.

तेव्हा झेनोनच्या लक्षात आलं, की तो श्वास रोखून उभा आहे. लपवायला काही नव्हतं, तरी छातीनं जुन्या सवयीनं धरून ठेवला होता. आणि आत्ता, चार दिवसांत पहिल्यांदा, त्याला काहीतरी वाटलं. भीती वाटली. शुद्ध भीती, की आपण सोडू आणि हिला तरीही वास येईल. इतकी वर्षं जे भरून ठेवलंय त्याचा येईल.

"बाबा, श्वास सोड."

त्यानं सोडला. लांब, फाटका, अर्ध्यात अडकणारा. मालविना हलली नाही. तिनं डोळे मिटले होते. तिनं आणखी एकदा वास घेतला, मग आणखी एकदा, आईला चुकीचं सांगायला नको म्हणून लहानपणी घ्यायची तसा नीट.

"चहा," ती म्हणाली.

झेनोननं हो म्हणायला तोंड उघडलं, पण तोंडातून शब्दाऐवजी भलताच आवाज आला. तो गाडीच्या टपाला धरून रडायला लागला, वाकलेलाच, नाक गळेपर्यंत. त्याला फ्लोरिआनसाठी रडू येत होतं, आणि बारा पाहुण्यांना पाणी वाढून गप्प बसलेल्या बायकोसाठीही. मालविनानं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ती तशी नव्हती. पण ती शेजारी उभी राहिली आणि त्याच्याकडे बघणाऱ्या लोकांकडे तिनं इतकं रोखून पाहिलं, की एकेकानं गाडीत बसून दार लावून घेतलं.

"का ओतलीस?" तिनं मग विचारलं.

"ते मला सांगता नाही येणार."

"आज?"

"कधीच."

तिनं मान डोलावली. काळी गाडी फाटकातून बाहेर पडत होती आणि तिच्यामागे एकेक करत बाकीच्या. मालविनानं पुढचं दार उघडलं.

"तो कोट काढ आधी," ती म्हणाली. "रविवारी कालिनाला वास यायला नको."